चाकांचं घर, पण उतरायचं कुठे?

तुमच्या गावाला मुक्कामी एसटी येते का? संध्याकाळी शेवटची फेरी करून गाडी गावातच थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओसरीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकतात आणि पहाटे तीच गाडी पहिली सुटते. आता अशी कल्पना करा, की त्या एसटीतच दोन पलंग आहेत, गॅसची शेगडी आहे, छोटा फ्रीज आहे, संडास-मोरी आहे आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर आणखी दोघांना झोपता येतं. झालं, ही अमेरिकेतली ‘आरव्ही’! आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल. नाव मोठं भारदस्त, पण आमच्या आजींनी पहिल्याच दिवशी तिचं नामकरण करून टाकलं, ‘मुक्कामी गाडी’.

आम्ही अमेरिकेच्या दक्षिण भागात, अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिल गावी राहतो. आजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्या साताऱ्याकडच्या. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. २०१८ पासून आमच्याजवळ असतात. ‘‘फळ्यावर मिसिसिपी इतक्या वेळा काढली, की डोळे मिटून काढता येते. पण पाहिली मात्र नाही,’’ असं त्या अधूनमधून म्हणायच्या. म्हणून २०२२ च्या एप्रिलमध्ये आम्ही एक २५ फुटी आरव्ही आठवडाभर भाड्यानं घेतली. बेत असा, की ‘नॅचेझ ट्रेस पार्कवे’ नावाच्या रस्त्यानं मिसिसिपी राज्य तिरकं ओलांडायचं आणि थेट नॅचेझ गावी जाऊन नदी बघायची.

हा रस्ता मोठा मजेदार आहे बरं का! लांबी ४४४ मैल, म्हणजे सातशे किलोमीटरच्या वर. मैलांची मोजणी नॅचेझपासून सुरू होते आणि टेनेसी राज्यात नॅशव्हिलजवळ संपते. पूर्वी इथले मूळ रहिवासी, चोक्टॉ आणि चिकसॉ लोक, ह्याच वाटेनं पायी जात-येत. आता तिथं गुळगुळीत डांबरी रस्ता आहे, पण मालट्रकना बंदी, जाहिरातींचे फलक नाहीत आणि बहुतेक ठिकाणी वेग ताशी ५० मैलांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. दुतर्फा झाडी. पेट्रोल हवं असेल तर रस्ता सोडून जवळच्या गावात जावं लागतं. ही पेट्रोलची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

तुम्ही म्हणाल, घर बरोबर आहे, मग दिसेल त्या झाडाखाली थांबा की! तसं होत नाही. चाकांच्या घराला पाणी भरावं लागतं, मैलापाणी ठरलेल्या ठिकाणीच सोडावं लागतं आणि वीज लागते. शिवाय ट्रेसच्या कडेला वाटेल तिथं रात्रीचा तळ टाकायला परवानगी नाही. त्यासाठी कॅम्पग्राउंड असतात. आपल्या भाषेत तळ म्हणा. तेव्हा पहिल्या रात्रीचा मुक्काम कुठे, हा प्रश्न निघायच्या तीन आठवडे आधी आमच्या जेवणाच्या टेबलावर आला आणि काय सांगू, घरात चार पक्ष झाले!

घरातल्या कर्त्या पुरुषांचा पक्ष फुकटवाल्यांचा. ट्रेसवर मेरिवेदर लुइस, जेफ बझ्बी आणि रॉकी स्प्रिंग्ज ही तीन कॅम्पग्राउंड नॅशनल पार्क खात्यानं बांधलेली. तिथं पैसे पडत नाहीत, आधी येईल त्याला जागा. दाट झाडी, पाखरांचे आवाज, शेजारी टीव्ही नाही. त्यातल्या मेरिवेदर लुइस ह्या नावामागे गोष्ट आहे. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घेणारी लुइस आणि क्लार्क ही जोडी तुम्ही वाचली असेल. त्यातला लुइस १८०९ साली ह्याच वाटेवरच्या एका मुक्कामाच्या घरी गोळी लागून मरण पावला. ही गोष्ट ऐकल्यावर आमची थोरली, वय पंधरा, लगेच फुकटवाल्यांच्या पक्षात गेली. भुतांची तिला भारी हौस. पण दोन दिवसांत तिचं मन बदललं आणि तिनं स्वतःचाच पक्ष काढला. मोबाइलला रेंज नसेल तिथं ती येणार नव्हती.

धाकटा अकरा वर्षांचा. त्याचा पक्ष पाण्याचा. झऱ्याच्या काठावर गाडी, दार उघडलं की गळ टाकायचा, एवढंच त्याचं म्हणणं.

आणि माझा पक्ष प्लगचा.

हे जरा नीट सांगते. आजींना रात्री झोपताना ऑक्सिजन लागतो. त्यासाठी कॉन्सन्ट्रेटर नावाचं मशीन असतं. २०२१ मध्ये करोनाच्या लाटेत तुम्ही हा शब्द घरोघरी ऐकला असेल. ते हवेतला नायट्रोजन बाजूला काढतं आणि ऑक्सिजन नळीतून देतं. आजींचं मशीन साधारण ३५० वॉट वीज खातं. आठ तासांची झोप धरा. करा बरं गुणाकार! २८०० वॉट-तास झाले ना? आता आरव्हीची बॅटरी. आमच्या गाडीत १०० अँपिअर-तासांची, १२ व्होल्टची एक होती. कागदावर १२०० वॉट-तास होतात, पण तसली साधी बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर खराब होते. म्हणजे हाती सहाशे. दोन तासांतच मशीन बंद! रात्रीचे उरलेले सहा तास काय करायचं?

‘‘जनरेटर आहे की,’’ असं मला सांगण्यात आलं. आहे, पण अशा तळांवर साधारण रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते आणि तेव्हा जनरेटर लावू देत नाहीत. नियम चांगलाच आहे. शेजारच्या तंबूतल्या बाळानं झोपायचं कधी? ट्रेसवरच्या त्या तिन्ही फुकट तळांवर विजेची सोय नव्हती. म्हणून फुकटवाल्यांचा पक्ष तिथंच आपटला. मला वाईट वाटलं, कारण जागा खरोखर सुंदर आहेत. कधी आम्ही चौघंच गेलो तर तिथंच उतरू.

मग विजेच्या सोयीच्या जागा शोधू लागलो. अशा तळावर प्रत्येक गाडीच्या जागेशेजारी कमरेएवढा खांब असतो आणि त्यावर पेटी. पेटीत दोन तऱ्हेची मोठी सॉकेटं असतात. एक ३० अँपिअरचं, एक ५० अँपिअरचं. आमची गाडी तिसाची. १२० व्होल्ट गुणिले ३० म्हणजे ३६०० वॉट. एसी लावला, मायक्रोवेव्ह लावला आणि वर केस वाळवायचं यंत्र चालू केलं, की फट्‌! म्हणून थोरलीला आधीच सांगून ठेवलं, आजींचं मशीन चालू असताना तुझे केस वाऱ्यावर वाळव.

एक खासगी आरव्ही पार्क हायवेला लागून होता. वीज, पाणी, मैलापाण्याची नळी, सगळं जागेवर. पोहायचा तलावसुद्धा. तिथं फोन केला. बाई गोड बोलल्या. दक्षिणेकडचे लोक बोलतातच गोड, शब्द असे लांबवतात की ऐकत राहावं. सगळ्याला हो म्हणाल्या. शेवटी मी विचारलं, ‘‘रात्री टॉर्नेडोचा इशारा आला तर आम्ही जायचं कुठे?’’ त्यांना चटकन उत्तर सुचेना. ‘‘आमच्याकडे तसं काही होत नाही हो,’’ म्हणाल्या. मी आभार मानले आणि यादीतलं ते नाव खोडलं.

हा प्रश्न मी का विचारला, ते सांगते. अमेरिकेच्या ह्या भागात मार्च, एप्रिल, मे हे वादळांचे महिने. मेक्सिकोच्या आखातावरून दमट ऊबदार हवा वर येते, उत्तरेकडून थंड हवा खाली येते आणि दोघींची गाठ पडली की काळे ढग गरागरा फिरू लागतात. २०११ च्या २७ एप्रिलला एका दिवसात इथल्या कितीतरी राज्यांत टॉर्नेडो झाले. मिसिसिपीतलं स्मिथव्हिल नावाचं छोटं गाव त्या दिवशी सर्वांत वरच्या दर्जाच्या, ईएफ-५, वादळात सापडलं. सिमेंट-विटांची घरं जमीनदोस्त झाली. मग आमची आरव्ही काय चीज आहे! पत्र्याचा आणि प्लायवूडचा डबा तो. हवामान खातं कानीकपाळी ओरडून सांगतं, की टॉर्नेडोत आरव्हीत थांबू नका, पक्क्या इमारतीत जा.

पाण्याचंही तसंच. धाकट्याचा झरा मला का नको होता? शेजारच्या आर्कान्सा राज्यात अल्बर्ट पाइक नावाचं कॅम्पग्राउंड होतं. डोंगरातली अरुंद दरी, खाली खळखळ वाहणारी लिट्ल मिसुरी नदी. फोटोत बघाल तर हरखून जाल. २०१० च्या ११ जूनला पहाटेच्या अंधारात डोंगरावर धो धो पाऊस झाला आणि तीच नदी काही तासांत वीस फुटांहून जास्त चढली. लोक गाढ झोपेत. दरीत मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे इशारा पोचला नाही. २० माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. हे मी धाकट्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘म्हणजे ताईची रेंज पण पाहिजे.’’

पहा, भांडता भांडता एक पक्ष दुसऱ्याला मिळाला!

आजींचा स्वतःचा प्रश्न मात्र वेगळाच होता. एके दिवशी भाजी निवडता निवडता त्यांनी हळूच विचारलं, ‘‘तिकडे खेड्यापाड्यात आपल्याला उतरू देतील ना गं?’’

ह्यावर हसू नका. त्यांनी पुस्तकं वाचली होती. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाला हॉटेलात खोली मिळत नसे, उपाहारगृहात चहा मिळत नसे. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाचा न्यूयॉर्कमधला एक काळा पोस्टमन होता. १९३६ पासून त्यानं ‘ग्रीन बुक’ काढायला सुरुवात केली. कोणत्या गावात कोणतं हॉटेल, कोणतं घर, कोणता पेट्रोलपंप काळ्या प्रवाशाला थारा देतो, त्याची यादी. लोक ते पुस्तक गाडीत ठेवूनच बाहेर पडत. सरकारी उद्यानंसुद्धा गोऱ्यांची निराळी आणि काळ्यांची निराळी, काळ्यांच्या वाट्याला अगदी मोजकी. १९६४ साली कायदा झाला आणि हॉटेलं, उपाहारगृहं अशा ठिकाणी असा भेद करणं बेकायदा ठरलं. त्यानंतर काही वर्षांत ग्रीन बुकही बंद झालं.

आजी म्हणाल्या, ‘‘आपल्याकडे काय वेगळं होतं? भीमराव आंबेडकर लहानपणी साताऱ्याहून आगगाडीनं मसूरला उतरले, वडिलांकडे गोरेगावला निघाले होते. चांगल्या कपड्यांतली पोरं, खिशात पैसे, पण जात कळल्यावर बैलगाडी मिळेना. रात्रभर कुणी पाणी दिलं नाही. १९०१ ची गोष्ट. मी वर्गात सांगायचे. मुक्काम कुठे करायचा हे ज्याला ठरवता येतं ना, तो नशीबवान.’’ पुन्हा भाजी निवडू लागल्या.

शेवटी आम्ही निवडलं ते बे स्प्रिंग्ज तलावाकाठचं, पायनी ग्रोव्ह नावाचं कॅम्पग्राउंड. हे ‘आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्स’चं. नावाला सैन्य, पण ही मंडळी धरणं, कालवे आणि जहाजांचे जलपाश बांधतात आणि त्या पाण्याच्या काठी लोकांसाठी तळही चालवतात. बे स्प्रिंग्ज तलाव हा टेनेसी-टॉमबिग्बी जलमार्गाचा भाग आहे. टेनेसी नदीला टॉमबिग्बी नदीशी जोडण्यासाठी १९७२ ते १९८४ अशी बारा वर्षं खोदकाम चाललं. पनामा कालव्यापेक्षा जास्त माती उपसली म्हणे! तिथल्या जेमी व्हिटन जलपाशात जहाज एका दमात ८४ फूट वर किंवा खाली जातं. भूगोलाच्या बाईंना आणखी काय हवं? आणि आणखी एक गंमत. ६२ वर्षांवरच्या कायम रहिवाशाला आयुष्यभराचा एक सरकारी पास मिळतो, त्यावर अशा तळांवर निम्मं भाडं. ‘‘सत्तरीनंतर पुन्हा हाफ तिकीट!’’ म्हणून आजी खूश.

जागा निवडताना आम्ही आधी नकाशा आणि उपग्रहाचे फोटो पाहिले. पाण्याला चिकटून असलेल्या जागांचं भाडं आधी भरतं, सगळ्यांना त्याच हव्या असतात. आम्ही मुद्दाम आतली, चढावरची घेतली. न्हाणीघराची पक्की इमारत जवळ आणि सॉकेट ३० चं. धाकटा तोंड वाकडं करून बसला. तलाव चालत तीन मिनिटांवर होता हो! हॉस्पिटलचंही पाहून ठेवलं. टुपेलो गावी मोठं आहे, सुमारे तासाभराच्या अंतरावर. खेड्यांतली छोटी हॉस्पिटलं इकडे बंद पडत चालली आहेत, म्हणून नकाशावर लाल फुली दिसली तरी फोन करून खात्री करावी लागते.

निघालो. वाटेत टस्कंबियाला हेलन केलरचं जन्मघर पाहिलं. तिथला तो पाण्याचा पंप! एका हातावर पाणी आणि दुसऱ्या हातावर बाईंनी बोटानं लिहिलेला ‘पाणी’ हा शब्द. आजी पंपापाशी इतका वेळ उभ्या राहिल्या, की आम्हाला निघायला उशीर होईल की काय असं वाटलं. पण त्यावर लिहायला बसले तर हा लेख संपायचा नाही. ट्रेसवर चढण्याआधी गावातच पेट्रोलची टाकी पूर्ण भरली. भाड्याच्या गाडीचा जनरेटर त्याच टाकीतून पेट्रोल घेतो आणि टाकी पावभर राहिली की आपोआप थांबतो. नाहीतर रात्रभर जनरेटर चालवून सकाळी गाडी हलायची नाही!

तळावर पोचलो तेव्हा चार वाजले होते. आकाश पिवळट, वारा बंद. गाडी लावायच्या आधी मी खाली उतरून वर पाहिलं. तुम्हीही कधी झाडाखाली तंबू ठोकाल तर आधी वर बघा. वाळलेली फांदी अडकलेली असते, ती वाऱ्यात कधी खाली येईल सांगता येत नाही. आमच्या जागेवर उंच पाइन होते, पण डावीकडे. गाडी उजव्या कडेला घेतली. चाकांखाली फळ्या सारून सपाट केली. विजेची पेटी आधी छोट्या मीटरनं तपासली आणि मगच प्लग खोचला. मशीनची ती ओळखीची घरघर ऐकू आली तेव्हा कुठे मी चहा टाकला.

तेवढ्यात कॅम्प होस्ट आले. होस्ट म्हणजे निवृत्त माणसं, तळावरच स्वतःच्या आरव्हीत राहतात, जागेचं भाडं माफ आणि बदल्यात लोकांना मदत करायची. हे आजोबा पांढऱ्या दाढीचे, पाठीत वाकलेले. आजींना पाहताच त्यांनी टोपी काढली आणि ‘‘वेलकम, मॅम!’’ म्हणाले. पाच मिनिटांत त्यांच्या बाईसाहेब कॉर्नब्रेड घेऊन आल्या. आजींनी एक घास खाल्ला आणि मला म्हणाल्या, ‘‘मक्याचीच की गं! फक्त भाजायच्या ऐवजी केक केलाय.’’ आजींनी त्यांना शेंगदाण्याची चटणी दिली. बाईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण डबा मात्र त्यांनी परत दिला नाही.

होस्टनी एक मोलाची गोष्ट सांगितली. म्हणाले, ‘‘तुम्ही आता प्रेंटिस कौंटीत आहात. लिहून ठेवा.’’ कौंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, पण आकारानं एखाद्या तालुक्याएवढा. इकडे हवामान खात्याचा इशारा कौंटीच्या नावानं येतो आणि आपण कुठल्या कौंटीत आहोत हे प्रवाशाला ठाऊकच नसतं. त्यात हा तलाव दोन कौंट्यांत पसरलेला. पलीकडे टिशोमिंगो कौंटी. रेडिओवर नाव ऐकून ‘आपलं नाही’ म्हणून झोपलात आणि तेच तुमचं निघालं तर? थोरलीनं मार्करनं ‘प्रेंटिस’ असं लिहून कागद फ्रीजवर चिकटवला. शेजारच्या चार कौंट्यांची नावंही त्याखाली लिहिली.

मग आम्ही चालून पाहिलं. आमच्या दारापासून न्हाणीघरापर्यंत ११२ पावलं. आजींच्या चालीनं चार मिनिटं. एकदा उजेडात गेलो आणि एकदा अंधारात, टॉर्च घेऊन. आजी म्हणाल्या, ‘‘शाळेत पंधरा ऑगस्टची रंगीत तालीम घ्यायचे तशी माझीच घेताय!’’

संध्याकाळी सातला ‘टॉर्नेडो वॉच’ लागला. वॉच आणि वॉर्निंग ह्यात फरक आहे, बरं का. वॉच म्हणजे सामान जमलंय, वादळ होऊ शकतं. वॉर्निंग म्हणजे कुणी डोळ्यांनी पाहिलं किंवा रडारवर दिसलं. आता पळा. आम्ही बूट घालूनच आडवे झालो. लहान ऑक्सिजन सिलिंडर दारापाशी ठेवला. तो आजींना तीनेक तास पुरतो. हवामानाचा छोटा रेडिओ उशाशी.

पावणेबाराला रेडिओ किंचाळला. प्रेंटिस कौंटीसाठी जोरदार वादळी वाऱ्याचा इशारा. टॉर्नेडोचा नव्हता. पण आमचं आधीच ठरलं होतं, की नाव प्रेंटिस आलं की निघायचं. नळी मशीनवरून काढून सिलिंडरला जोडली. धाकट्यानं सिलिंडर पाठीवर घेतला, थोरलीनं आजींचा हात धरला. ११२ पावलं. अर्ध्या वाटेत वारा असा आला, की पाइनची झाडं गवतासारखी वाकली. आजी थांबल्या नाहीत.

न्हाणीघरात वीसेक माणसं होती, तीन कुत्री आणि एक मांजर टोपलीत. आजींसाठी कुणीतरी घडीची खुर्ची पुढे केली. दहा मिनिटांत दिवे गेले. बाहेर असा आवाज, जणू छपरावर कुणी खडीचा ट्रक उलटा करतंय. एक लहान मुलगी रडायला लागली. तिच्या आईनं गाणं म्हणायला सुरुवात केली. सगळ्यांनी धरलं, शब्द आम्हाला येत नव्हते, तरी धाकटा टाळ्या वाजवत होता. मी मात्र टॉर्चच्या उजेडात सिलिंडरचा काटा पाहत होते. अर्ध्यावर आला. त्याच्याही खाली गेला.

सव्वा वाजता पाऊस ओसरला. वीज आली नव्हती. होस्ट आजोबा भिजून चिंब, पण आधी आमच्याकडेच आले. ‘‘मॅमसाठी जनरेटर लावा. शांततेचा नियम आज मी बंद केलाय!’’ गाडीत गेलो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तपासला, जनरेटरच्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या. ही काळजी फार महत्त्वाची, कारण त्या वायूला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. मग बटण दाबलं. टाकी भरलेली होतीच. मशीन घरघरायला लागलं. आजी दहा मिनिटांत झोपल्या. मी नाही झोपले. साडेचारला खांबावरची वीज आली.

सकाळी धाकटा धावत तलावाकाठच्या त्या जागा पाहून आला, ज्या त्याला हव्या होत्या. ‘‘आई, तिथं काहीच झालं नाही! एक फांदीसुद्धा पडली नाही.’’ खरं होतं. पाणी आरशासारखं, एक माणूस गळ टाकून बसलेला. मी म्हटलं, ‘‘चल, आता आपणही टाकू.’’ दोन तास बसलो, मासा एकच मिळाला, तोही बोटाएवढा. सोडून दिला.

पुढचे मुक्काम आजींनी निवडले. खरंच! टेबलावर नकाशा पसरून, चष्मा लावून. कौंटीचं नाव काय, न्हाणीघर किती पावलांवर, जमीन कुठल्या बाजूला उतरते, सॉकेट किती अँपिअरचं. मुलं फोन लावायची आणि आजी मराठीत प्रश्न सांगायच्या. एका ठिकाणच्या माणसाला दोन मिनिटांत चार प्रश्न ऐकून वाटलं, की सरकारी तपासनीसच आलाय.

पाचव्या दिवशी नॅचेझ. गाव नदीच्या काठी उंच कड्यावर वसलेलं आहे, पाण्यापासून कितीतरी वर. पलीकडे लुइझियाना राज्य, तिथं जमीन सखल आणि पाणी अडवायला लांबच लांब मातीचा बांध. पलीकडच्या काठावर नदीला लागून आरव्हीची जागाही होती, झोपून मिसिसिपी दिसेल अशी. आजींनी कड्यावरून एकदा नदीकडे पाहिलं, एकदा बांधाकडे. मग म्हणाल्या, ‘‘बघायला इथं येऊ. झोपायला त्या उत्तरेकडच्या राज्य उद्यानात जाऊ, तिथं चढ आहे.’’

तेवढ्यात वळणावरून एक टोबोट आली. समोर लोखंडी बार्ज एकमेकांना बांधलेले, एवढे लांब की शेवट दिसेना. धाकटा मोजायला लागला. आजींनी त्याला थांबवलं, म्हणाल्या, ‘‘थांब, मी मोजते. मिसिसिपी माझी आहे.’’